शब्दकोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन



आपल्या भित्तिपत्रकात आजवर राजे, संत, समाजसुधारक आणि शास्त्रज्ञ यांची चरित्रे येऊन गेली. या वेळी मी एका इंग्रज माणसाचे चरित्र निवडले आहे. त्यांनी लढाई जिंकली नाही की यंत्र शोधले नाही. त्यांनी शब्दांचे अर्थ लिहिले आणि अर्थांखाली वाक्ये दिली. आम्ही सातवीच्या वर्गात रोज इंग्रजीची पाच नामे वहीत लिहितो. पहिल्या रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात वाक्य. पुष्कळांना तो तिसरा रकाना म्हणजे उगाच वाढवलेलं काम वाटतं. हे चरित्र वाचून झाल्यावर तसे वाटणार नाही, अशी माझी आशा आहे. त्या माणसाचे नाव डॉ. सॅम्युअल जॉन्सन.

जन्म व बालपण

इंग्लंडमध्ये लिचफील्ड नावाचे एक गाव आहे. तेथे १८ सप्टेंबर १७०९ रोजी सॅम्युअलचा जन्म झाला. त्या सुमारास आपल्याकडे साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शाहू महाराज होते. सॅम्युअलच्या वडिलांचे नाव मायकेल आणि आईचे नाव सारा. वडिलांचे पुस्तकांचे दुकान होते. खाली दुकान आणि वर घर. घरात पुस्तके पुष्कळ, पण पैसा कमी. म्हणून वडील बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावी जाऊन पुस्तके मांडून बसत. आपल्याकडे आठवडी बाजारात कापडवाले बसतात ना, तसेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

सॅम्युअल अगदी लहान असतानाच त्याला गंडमाळांचा रोग झाला. मानेवर आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासे झाले आणि एका कानाने ऐकू येईना. राजाने किंवा राणीने हात लावला की हा रोग बरा होतो, अशी त्या काळी इंग्लंडात समजूत होती. म्हणून १७१२ साली आई त्याला लंडनला घेऊन गेली. ॲन राणीने त्याला हात लावला. रोग काही बरा झाला नाही. अंधश्रद्धा सगळ्याच देशांत होत्या, बरं का!

त्याच्या बालपणीची एक गोष्ट मला फार आवडली. तो पहिल्या शाळेत जायचा तेव्हा त्याला न्यायला घरून माणूस येत असे. एके दिवशी माणूस आला नाही. छोटा सॅम्युअल एकटाच निघाला. वाटेत गटार होते. नीट दिसत नसल्यामुळे तो हातापायांवर वाकून गटार किती रुंद आहे ते बघू लागला. पोर पडेल या काळजीने त्याच्या बाई लपतछपत मागून येत होत्या. त्याने वळून बघितले आणि बाई दिसताच त्याला असा राग आला, की तो धावत जाऊन त्यांना मारू लागला. मला कोणी सांभाळायला नको, माझं मी बघून घेईन, हा त्याचा स्वभाव तेव्हापासूनचा. या स्वभावाने पुढे त्याला तारलेही आणि छळलेही.

शाळा आणि कॉलेज

लिचफील्डच्या शाळेत तो हुशार म्हणून ओळखला जाई. वाचनाचे वेड तर विचारू नका. एकदा त्याला वाटले की भावाने वरच्या फळीवर मोठ्या पुस्तकांच्या मागे सफरचंदे लपवली आहेत. तो वर चढला. सफरचंदे मिळाली नाहीत, पण पेत्रार्क नावाच्या इटालियन कवीचा जाडजूड ग्रंथ हाती लागला. सफरचंदे विसरून तो वाचतच बसला.

१७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात गेला. पण फीचे आणि राहण्याचे पैसे पुरेनात. बूट इतके फाटले की पायाची बोटे बाहेर दिसू लागली. एकाला दया आली. त्याने नवे बूट आणून गुपचूप सॅम्युअलच्या दाराशी ठेवले. सॅम्युअलने ते उचलून फेकून दिले! दया घेणे त्याला जमत नसे. तेरा महिन्यांत त्याला पदवी न घेताच घरी परतावे लागले. १७३१ च्या डिसेंबरात वडील वारले. त्यांच्या मिळकतीतून त्याच्या वाट्याला जेमतेम वीस पौंड आले.

पोटासाठी धडपड

पदवी नसल्यामुळे चांगली नोकरी मिळेना. काही काळ जॉन्सन एका शाळेत मास्तर झाले. ते काम त्यांना मानवले नाही. १७३५ साली त्यांनी एलिझाबेथ पोर्टर नावाच्या विधवा बाईशी लग्न केले. ती त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी होती. लोक हसले, पण जॉन्सन तिला लाडाने टेटी म्हणत आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता. तिच्या पैशातून त्यांनी एडिअल या गावी स्वतःची शाळा काढली. विद्यार्थी आले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जॉन्सनच्या मानेला आणि हातांना सारखे झटके येत. ते त्यांना आवरता येत नसत. पोरे पाठीमागे नकला करीत. शाळा बुडाली.

त्या शाळेतला डेव्हिड गॅरिक हा विद्यार्थी पुढे इंग्लंडमधला सर्वांत मोठा नट झाला. १७३७ साली गुरू आणि शिष्य दोघे मिळूनच नशीब काढायला लंडनला निघाले. लंडनमध्ये जॉन्सन मासिकांसाठी लिहू लागले. मिळेल ते लिहायचे आणि मिळेल त्यात भागवायचे. खोलीला पैसे नसल्यामुळे एका मित्राबरोबर रात्रभर रस्त्यांवर चालत काढल्याच्याही गोष्टी त्यांच्या चरित्रात आहेत.

मोठे काम अंगावर घेतले

त्या काळी इंग्रजीचे कोश नव्हते असे नाही. पण बहुतेक कोशांत अवघड शब्दच असत, आणि अर्थ म्हणून दुसरा एखादा शब्द दिलेला असे. कुत्रा या शब्दापुढे एक प्राणी एवढेच लिहिले तर कोणाला काय कळणार? लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी ठरवले की चांगला कोश तयार करवून घ्यायचा. १८ जून १७४६ रोजी त्यांनी जॉन्सनशी करार केला. रक्कम ठरली १५७५ पौंड. त्यातूनच कागद, शाई आणि मदतनिसांचे पगार भागवायचे. जॉन्सनना वाटले की तीन वर्षांत काम उरकेल. फ्रान्समध्ये १६३५ साली अकादमी स्थापन झाली होती. तिचे सभासद चाळीस, तरी तिचा पहिला कोश निघायला १६९४ साल उजाडले. आणि हा अर्धवट दृष्टीचा एकटा माणूस तीन वर्षे म्हणतो! पुढे लागली नऊ.

लंडनमध्ये गॉफ स्क्वेअर या ठिकाणी जॉन्सननी घर भाड्याने घेतले. माळ्यावर कामाची जागा केली. तिथे सहा मदतनीस काम करीत. त्यांतले पाच स्कॉटलंडचे होते. जॉन्सनची स्वतःची खुर्ची तीन पायांची. चौथा पाय मोडलेला. ती भिंतीला टेकवून ते बसत आणि पाहुण्यांशी गप्पा मारत. ते घर अजून उभे आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

आता त्यांची काम करण्याची रीत बघा. जॉन्सन चांगल्या लेखकांची पुस्तके वाचायला घेत. एखादा शब्द एखाद्या वाक्यात नेमका बसलेला दिसला की त्या शब्दाखाली शिसपेन्सिलीने रेघ मारीत आणि समासात शब्दाचे पहिले अक्षर लिहीत. मदतनीस ते वाक्य कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून घेत. मग चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे लावायच्या. एका शब्दाच्या दहा-वीस चिठ्ठ्या जमल्या की त्या समोर ठेवून जॉन्सन अर्थ लिहीत. ज्यांनी पुस्तके उसनी दिली त्यांना ती रेघांनी भरलेली परत मिळत, त्यामुळे पुढे पुढे लोक द्यायला बिचकत!

यात एक गोष्ट आपण ध्यानात घेतली पाहिजे. आधी वाक्ये आणि मग अर्थ. जॉन्सननी अर्थ मनाने ठरवला नाही. शब्द कुठे कुठे कसा वागतो ते त्यांनी पाहिले आणि त्यावरून अर्थ बांधला. एखादा माणूस कसा आहे हे तो चार लोकांत कसा वागतो त्यावरून कळते, तसेच शब्दाचेही आहे.

सुरुवातीला त्यांनी मोठ्या वह्यांत शब्दांसाठी जागा सोडून लिहायला घेतले होते. पण वाक्ये येतच राहिली आणि सोडलेली जागा पुरेना. काही वर्षांचे काम बाजूला ठेवून त्यांना पुन्हा नव्या पद्धतीने मांडणी करावी लागली. आपली वही एकदा भिजली तर आपण किती रडतो!

नामाचा अर्थ कसा लिहावा

आता थोडे आपल्या वहीविषयी. नाम म्हणजे वस्तू, प्राणी, माणूस, ठिकाण किंवा गुण यांचे नाव. त्याचा अर्थ लिहिताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ती वस्तू कोणत्या जातीची आणि त्या जातीतल्या इतरांपेक्षा वेगळी कशात. हे मी घरी करून पाहिले. माझी आजी शाळेत गेलेली नाही. मी तिला विचारले, आजी, सूप म्हणजे काय? ती लगेच म्हणाली, धान्य पाखडायचं बांबूचं साधन. बघा, साधन ही झाली जात. बांबूचे आणि धान्य पाखडायचे हा झाला वेगळेपणा. आजीने पुरा अर्थ एका दमात सांगितला.

पण इंग्रजीत सूप म्हणजे पिण्याचा पातळ पदार्थ. नुसता सूप शब्द ऐकून कोणते सूप हे कळणार नाही. वाक्य हवे. आई सुपात तांदूळ घेऊन बसली, असे म्हटले की पाखडायचे सूप. द सूप इज हॉट, असे म्हटले की प्यायचे. एकाच भाषेतही असेच होते. इंग्रजीत बँक म्हणजे पैसे ठेवायचे ठिकाण आणि बँक म्हणजे नदीचा काठही. माय मदर कीप्स मनी इन द बँक. द बोट इज टाइड टु द बँक. दुसऱ्या वाक्यातल्या बँकेत पासबुक घेऊन गेलो तर पाय ओले होतील! जॉन्सननी एका शब्दाचे असे निरनिराळे अर्थ सुटे करून त्यांना आकडे घातले आणि अर्थांखाली वाक्ये दिली. टेक हे क्रियापद आपल्याला किती सोपे वाटते! त्याचे त्यांनी १३४ अर्थ दिले आहेत.

वाक्यही कसेतरी चालत नाही. आमच्या वर्गात सगळ्यात सोपे वाक्य म्हणजे धिस इज अ प्लाऊ. प्लाऊ म्हणजे नांगर. पण प्लाऊ काढून तिथे कॅट घातले, टेबल घातले, मँगो घातले तरी वाक्य बरोबरच राहते. म्हणजे त्या वाक्याने नांगराविषयी काहीच सांगितले नाही. आता हे पाहा. टू बुलॉक्स पुल द प्लाऊ. इथे शब्दावर बोट ठेवून झाकला तरी दोन बैल काय ओढतात ते ओळखता येते. नांगर नाहीतर गाडी, पण मांजर नक्की नाही. त्यात इन द फील्ड जोडले की गाडीही गेली. बोट ठेवून पाहण्याची ही युक्ती करून बघा. शब्द झाकल्यावरही जे वाक्य त्याचा पत्ता सांगते ते चांगले वाक्य.

जॉन्सनचे सगळेच अर्थ सोपे होते असे नाही. आज मोबाइलला रेंज नसली की आपण नेटवर्क नाही म्हणतो. त्या काळी हा शब्द जाळीकामासाठी होता. जॉन्सननी त्याचा अर्थ इतक्या अवघड शब्दांत लिहिला की लोक आजही त्याला हसतात. अर्थ मूळ शब्दापेक्षा अवघड असू नये, हे यावरून कळते. घोड्याच्या पायाच्या खुरावरच्या भागाचे नाव त्यांनी गुडघा म्हणून दिले. एका बाईंनी त्यांना विचारले की असे कसे झाले? त्यावर त्यांनी सबब सांगितली नाही. अज्ञानामुळे झाले, असे सरळ कबूल केले. आणि ओट या धान्याच्या अर्थात त्यांनी गंमत केली. इंग्लंडात ते घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसे, अशा अर्थाचे लिहिले. माळ्यावरच्या पाच स्कॉटिश मदतनिसांना ते उतरवून घेताना काय वाटले असेल! कोशकार या शब्दापुढे त्यांनी स्वतःचीही थट्टा केली आणि कोशकार म्हणजे कोणाला इजा न करणारा राबता गडी, असे सुचवले.

दुःखाचा घाला

कोशाचे काम चालू असताना टेटी सतत आजारी असे. तिच्या औषधपाण्यासाठी पैसे लागत, म्हणून जॉन्सन कोशाबरोबर आठवड्याला दोनदा निघणारे पत्रही लिहीत. मार्च १७५२ मध्ये टेटी वारली. कोश पुरा व्हायला अजून तीन वर्षे होती. जिच्यासाठी एवढे कष्ट चालले होते तीच तो बघायला उरली नाही. जॉन्सन खूप खचले. तरी माळ्यावर जाऊन ते पुन्हा चिठ्ठ्या हातात घेत.

पैशाची चणचण तर होतीच. चेस्टरफील्ड नावाचे एक मोठे सरदार होते. जॉन्सननी कोशाचा आराखडा १७४७ साली त्यांच्या नावे छापला होता, पण सरदारांनी पुढे विचारपूस केली नाही. कोश निघण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी वर्तमानपत्रात स्तुती लिहिली. त्यावर जॉन्सननी १७५५ च्या फेब्रुवारीत त्यांना पत्र पाठवले. मी बुडत होतो तेव्हा तुम्ही काठावरून बघत होता आणि आता मी किनाऱ्याला लागल्यावर मदतीचा हात पुढे करता, असा त्या पत्राचा मतलब होता. ऑक्सफर्डला बूट फेकणारा मुलगा तो हाच.

कोश प्रसिद्ध झाला

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश प्रसिद्ध झाला. दोन प्रचंड खंड. शब्द ४२,७७३. उदाहरणादाखल दिलेले उतारे सुमारे १,१४,०००. किंमत साडेचार पौंड. म्हणजे गरिबाला तो घेणे शक्यच नव्हते. ज्या ऑक्सफर्डमधून त्यांना पैशावाचून परतावे लागले होते, त्याच ऑक्सफर्डने कोश निघण्यापूर्वी त्यांना एम. ए. ची पदवी सन्मानाने दिली. ती कोशाच्या पहिल्या पानावर छापली गेली. पुढे डब्लिनच्या आणि ऑक्सफर्डच्या विद्यापीठांनी त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

नाव झाले, पण हाती पैसा उरला नाही. कराराचे पैसे काम चालू असतानाच संपले होते. १७५६ साली सहा पौंडांपेक्षाही कमी कर्जासाठी त्यांना अटक झाली. रिचर्डसन नावाच्या कादंबरीकाराने पैसे पाठवून त्यांना सोडवले. १७५९ साली आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च आणि तिचे थोडे देणे भागवण्यासाठी जॉन्सननी आठवडाभर संध्याकाळी बसून रासेलस ही गोष्ट लिहिली.

या रासेलसचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर सुरू केले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुरे केले. विष्णुशास्त्र्यांनी पुढे निबंधमालेत डॉ. जॉन्सन यांच्यावर सविस्तर लिहिले. म्हणजे या इंग्रज माणसाची ओळख मराठी वाचकाला शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. आपल्या भाषेलाही असे कष्ट करणारे मिळाले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत १८३१ साली निघाला तो पंडितांच्या मदतीनेच.

नंतरचे दिवस

१७६२ साली राजाने जॉन्सनना वर्षाला ३०० पौंड पेन्शन दिले. त्यांनी स्वतःच्या कोशात पेन्शन या शब्दाचा अर्थ वाईट लिहून ठेवला होता, त्यामुळे लोकांनी त्यांना चिडवले! १७६३ साली त्यांना बॉस्वेल नावाचा तरुण भेटला. जॉन्सन काय बोलले, काय जेवले, कसे रागावले, हे सारे तो टिपून ठेवी. त्याने १७९१ साली लिहिलेले चरित्र जगप्रसिद्ध आहे. जॉन्सननी १७६५ साली शेक्सपिअरची नाटके संपादित केली आणि म्हातारपणी कवींची चरित्रे लिहिली.

त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच होती. अंध झालेल्या एक विदुषी, गरिबांना औषध देणारा एक गरीब वैद्य, आणखी कोणी कोणी तिथे राहत. फ्रान्सिस बार्बर हा जमैका बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला मुलगा १७५२ साली त्यांच्याकडे आला. जॉन्सननी त्याला शाळेत घातले आणि मरताना आपली बहुतेक मालमत्ता त्याच्याच नावे केली. हॉज नावाचे त्यांचे एक मांजर होते. त्याला कालवे आवडत. मांजरासाठी नोकराला बाजारात पाठवले तर त्याला कमीपणा वाटेल आणि तो मांजराचा राग करील, म्हणून जॉन्सन कालवे आणायला स्वतः जात.

बाजारातला पाऊस

सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता आली. जॉन्सन तरुण होते, तेव्हा एकदा वडील आजारी होते. युटॉक्सेटर गावच्या बाजारात जाऊन दुकान मांड, असे त्यांनी मुलाला सांगितले. ऑक्सफर्डला जाऊन आलेल्या मुलाला बाजारात बसायची लाज वाटली. तो नाही म्हणाला. थोड्याच काळात वडील वारले. माफी मागायची राहूनच गेली.

पन्नास वर्षे होत आली. जॉन्सन इंग्लंडभर प्रसिद्ध झाले होते. म्हातारपणी एके दिवशी ते युटॉक्सेटरला गेले. वडील जिथे पुस्तके मांडून बसत तिथे भर बाजारात, टोपी काढून, पावसात बराच वेळ उभे राहिले. येणारेजाणारे बघत होते. त्यांना काय माहीत, हा म्हातारा कशासाठी भिजतो आहे!

वडील आणि पश्चात्ताप या नामांचे अर्थ जॉन्सननी कोशात लिहिलेच होते. पण ते भर बाजारात पावसात उभे राहिले तेव्हा त्या दोन्ही शब्दांचे खरे वाक्य झाले, असे मला हे वाचताना वाटले. आपल्यातले पुष्कळ जणही वडिलांच्या दुकानात बसायला, बाजारात भाजी विकायला लाजतात. ही गोष्ट मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिणार होते, पण कागद पुरला नाही.

अखेर

१३ डिसेंबर १७८४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी लंडनमध्ये डॉ. जॉन्सन यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना पुरण्यात आले. त्यांच्यानंतर इंग्रजीचे याहून मोठे कोश झाले. पण जवळजवळ दीडशे वर्षे इंग्रज माणूस शब्दाचा वाद मिटवायला जॉन्सनचाच कोश उघडत असे. अर्थाखाली खऱ्या पुस्तकातले वाक्य द्यायची त्यांची रीत पुढच्या मोठ्या कोशांनीही घेतली.

आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट. चांगले डोळे, पैसा किंवा पदवी यांपैकी काही नसताना त्यांनी ४२,७७३ शब्द लिहिले, ते एकेक चिठ्ठी करून. आपण रोज पाच नामे लिहिली तर शाळेच्या दोनशे दिवसांत हजार होतात. माझ्या घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. तुमच्यापैकी बहुतेकांचे तसेच असेल. पण पाच नामांना कोणी बोलणारे लागत नाही, वही लागते.

दुसरी गोष्ट. शब्द नुसता पाठ केला तर परीक्षेपर्यंत टिकतो. त्याचे आपल्या शेतातले, आपल्या घरातले खरे वाक्य केले तर तो आपला होतो.

तिसरी गोष्ट पालकांसाठी. आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार, असे कृपा करून म्हणू नका. मुलाने वहीत नांगर, विळा, चूल, विहीर यांची इंग्रजी नावे लिहिली असतील तर त्याला मराठीतच विचारा, नांगर म्हणजे काय, सांग बरं. ज्याला मराठीत नीट सांगता येते त्याला इंग्रजीतही लिहिता येईल. नांगराचा अर्थ तर तुमच्याइतका चांगला कोणत्याच कोशात नसेल.

या भित्तिपत्रकाखाली आमच्या वर्गाच्या वह्या ठेवल्या आहेत. उघडा आणि तिसऱ्या रकान्यातल्या शब्दावर बोट ठेवून बघा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी